सॉसच्या पुड्यांचा खण

त्या पिवळ्या, मिळमिळीत अंड्यांनी माझं डोकं उठवलं होतं. भुर्जी म्हणवून घ्यायचीही त्यांची लायकी नव्हती. पण खिशाला दुसरं काही परवडत नव्हतं. म्हणून टॅकोवाला, पिझ्झावाला, चिनी नूडल्सवाला, जिथं जाईन तिथून मी सॉसच्या फुकट पुड्या खिसे भरभरून आणायचो. स्वयंपाकघरातला अख्खा खण भरला होता. आज झणझणीत मिरची, उद्या सोया, परवा लसणीचं लोणी. अंडी तीच, पण घशाखाली उतरायची.

आज बर्फ तुडवत कॉलेजातून आलो, पातेलं तापवलं आणि खण उघडला. आत नुसता लखलखाट, एकही पुडी नाही!

"ब्रॉडी! माझ्या पुड्या कुठायत?"

माझा रूममेट सोफ्यावरून हललासुद्धा नाही. "अरे, सकाळी माझी आई आली होती. तिला वाटलं, कचरा आहे. सगळा खण घासूनपुसून गेली."

"आणि तू बघत बसलास? वर्षभराची कमाई होती ती, गाढवा!"

"ओरडतोस काय? मी सांगितलं ना तिला नंतर, की तू रोज अंडी खातोस, त्यासाठी होत्या त्या. बिचारीला इतकं वाईट वाटलं, लगेच दुकानात जाऊन तुझ्यासाठी फ्रिज भरून गेली."

मी धावत जाऊन फ्रिज उघडला. वरपासून खालपर्यंत नुसती अंडी.