नववा फर्मा

डिम्पना टॅलनचे डोळे गेले, त्यात माझा वाटा आहे. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं, आणि ते माणूस म्हणजे डिम्पनाच. आता मी सत्त्याऐंशीची आहे. हॅनरॅटींच्या बाइंडिंगखान्यातल्या आमच्या सहाजणींपैकी मी एकटीच उरले आहे.

मी चौदाव्या वर्षी तिथं शिवायला लागले, तेव्हा डिम्पना पंचविशीची होती. डब्लिनमध्ये लिफी नदीच्या उत्तरेला, धान्याच्या गोदामामागे कारखाना. पुस्तकं शिवायच्या सहा लाकडी चौकटी, सहा बायका आणि एकच मोठी खिडकी. खिडकीजवळची चौकट डिम्पनाची. घड्या घालणं आणि शिवणं हे बायकांचं काम. कातडं चढवणं, त्यावर सोनेरी अक्षरं उमटवणं पुरुषांचं. पुस्तक कुणाला दाखवायचं झालं की ते तो पुरुष दाखवी, आणि बघणारा त्याची पाठ थोपटी. पण पुस्तक धरून ठेवतो तो आमचा दोरा, हे आम्हाला ठाऊक होतं. डिम्पना तर ते दिवसातून दहादा म्हणून दाखवी.

तिनंच मला शिकवलं. एकात एक बसवलेले चार दुमडलेले कागद म्हणजे एक फर्मा. तो बरोबर मधोमध उघडायचा, आत डाव्या हाताचं बोट ठेवायचं आणि बाहेरून सुई घालायची. सुई बोटाला टोचली की समजायचं, चारही कागद दोऱ्यात आले. एक पान अलीकडे उघडलं तर सगळ्यात आतला कागद सुईला लागतच नाही. नव्या पुस्तकात ते कळतही नाही, दाबून बसवलेलं असतं ना. वाचायला घेतलं की पानं गळतात. अशा कागदाला आम्ही उपाशी म्हणायचो.

"अगं ए, हा उपाशी ठेवलास बघ," डिम्पना म्हणायची, आणि तोच कागद ओढून माझ्या डोक्यावर मारायची. "तुझ्या आईनं तुला जेवायला घातलं नसतं तर चाललं असतं का?"

सगळ्या हसायच्या. बरोबर बाराला घंटा झाली की सुया खाली. एकजण प्रार्थना म्हणायची, बाकीच्या माना खाली घालून पुटपुटायच्या, आणि मग किटलीतला काळाकुट्ट चहा. तसा चहा मला पुढं कुठं मिळाला नाही.

तेहतिसाव्या वर्षी मी तांत्रिक शाळेत बाइंडिंग शिकवायला लागले. त्यामुळेच पुढं ग्रंथनिर्मितीच्या पुरस्कारांसाठी मला परीक्षक म्हणून बोलावलं. आयर्लंडात तयार झालेल्या पुस्तकांतून दरवर्षी उत्तम चित्रं, उत्तम छपाई, उत्तम बांधणी निवडायची. आम्ही पाचजण होतो, चार पुरुष आणि मी. प्राध्यापक लॉलर अध्यक्ष. ते अक्षरजुळणीवर तासभर बोलत आणि बांधणीची वेळ आली की म्हणत, "हे मिस ब्रँगन बघतील." म्हणजे त्यातलं मी म्हणेन ते.

एकाहत्तर साल. त्या वसंतात डिम्पना आणि मी एकदा जेवायला भेटलो. तिच्या डाव्या बाजूची किटली तिनं कोपरानं पाडली, आणि पडल्यावर विचारलं, "ही इथं कुणी ठेवली?" रस्ता ओलांडताना तिनं माझा दंड धरला. पूर्वी कधी धरला नव्हता.

"डिम्पना, डॉक्टरला डोळे दाखव."

"डोळ्यांना काय झालंय? काल एक सायकलवाला अंगावर आला आणि वर मलाच शिव्या. मी म्हटलं, तुझ्या आईला माहीत आहे का तू बायकांशी असं बोलतोस ते?"

"तो तुला दिसला नव्हता."

"मीही त्याला दिसले नाही. त्याला पाठव की डॉक्टरकडे."

असं तिच्याशी बोलणं. पण जाता जाता ती हळूच म्हणाली, "पांढऱ्या कागदावरचा पांढरा दोरा जरा पुसट वाटतो, एवढंच. ह्यूसनला बोलू नकोस हं." मिस्टर ह्यूसन कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांनी शिवणयंत्राची चौकशी केलेली होती, आणि जिचं काम परत येईल ती पहिली घरी जाईल असं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं.

पुरस्काराची पुस्तकं आम्ही आळीपाळीनं आठवडाभर घरी नेत असू. त्यांवर कारखान्याचं नाव नसे. मे महिन्यात माझ्याकडं जे आलं ते पश्चिमेकडच्या बेटांवरच्या होड्यांचं पुस्तक होतं. लाकडात कोरलेली चित्रं, जाड कागद, हातशिवण. पहिल्याच फर्म्याच्या टोकाची गाठ बघितली आणि ओळखली. ती गाठ डावीकडून फिरवणारी सगळ्या डब्लिनमध्ये एकच बाई होती. मला किती आनंद झाला! स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी एकेक पान उलटत गेले. नवव्या फर्म्यात चारजण पालथी होडी डोक्यावर घेऊन चालल्याचं चित्र होतं. ते उघडलं, आणि तो कागद अलगद माझ्या मांडीवर आला.

मी बाकीचे फर्मे तपासले. सगळे ठीक होते. एकच उपाशी.

पुढच्या आठवड्यात ते पुस्तक लॉलरांकडे जायचं होतं, आणि लॉलर पान न् पान उलटत. गोष्ट हॅनरॅटींच्या कानावर गेली असती, तिथून ह्यूसनच्या. मी गॅसवर छोटं पातेलं ठेवलं, चिमूटभर मैद्याची खळ शिजवली आणि केसाएवढ्या रेघेनं तो कागद त्याच्या जागी चिकटवला. वर इस्त्री ठेवली. सकाळी बघते तर माझं मलाच ओळखू येईना.

बैठकीत लॉलरांनी विचारलं, "बांधणी कशी आहे, मिस ब्रँगन?"

"निर्दोष," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण मला वर्षानुवर्षांचा राग काढायचा होता. मी म्हटलं, "कातडं चढवणाऱ्याचं नाव व्यासपीठावरून वाचता, तर शिवणारीचंही वाचा." ते हसले, एकमेकांकडं बघितलं, आणि कबूल झाले. शिवणाऱ्या बाईचं नाव तिथं पहिल्यांदाच वाचलं जाणार होतं. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

समारंभ दुपारी एका हॉटेलात होता. डिम्पना बहिणीचा निळा कोट घालून आली. नाव पुकारल्यावर आमच्या बाकीच्याजणी मागच्या रांगेत उभ्या राहून ओरडल्या. व्यासपीठाच्या पायरीवर तिचा पाय चुकला, कुणीतरी सावरलं. एकजण म्हणाला, "शेरी चढली वाटतं!" ती म्हणाली, "तुझीच प्यायले!" सगळं सभागृह हसलं. पदक घेऊन ती थेट माझ्याकडं आली.

"ए कॉन्सी, एक सांगू? चिडायचं नाही."

"काय गं?"

"मला डोळ्यांच्या हॉस्पिटलचं बोलावणं आलं होतं. फेब्रुवारीपासून पर्समध्ये घेऊन फिरत होते. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू वाटतोय, लगेच जा."

"आणि गेली नाहीस?"

"कशी जाऊ? परत येईपर्यंत माझ्या जागी यंत्र बसलेलं असतं. मग मनाशी म्हटलं, कॉन्सी परीक्षक आहे. त्या बयेच्या नजरेतून काही सुटत नाही. तिला एक जरी टाका चुकलेला दिसला तर जाईन. नाही दिसला, तर डॉक्टर वेडा आणि मी शहाणी." ती हसली. "आज सकाळी ते पत्र शेगडीत टाकलं."

मी म्हटलं, "तू जायला हवंस, डिम्पना."

"का? होता का चुकलेला? खरं सांग, एक तरी होता?"

तेवढ्यात ह्यूसन हातात पेला घेऊन आले. "काय, मिस टॅलननी आमची मान उंचावली की नाही?" ती दोघं माझ्याकडं बघत होती. आमच्या बाकीच्या चारजणी पदक हातात घ्यायला भोवती जमल्या होत्या.

"नव्हता," मी म्हटलं.

नंतर सांगू, उद्या सांगू, रविवारी चर्चमधून येताना सांगू, असं मी मनाला सांगत राहिले. डोळे सांभाळणाऱ्या संत ल्युसीपुढं मेणबत्त्या लावल्या, तेवढं केलं. दोन आठवड्यांत सरकारी खात्याकडून त्याच पुस्तकाच्या तीनशे प्रतींची मागणी आली, परदेशी पाहुण्यांना भेट द्यायला. त्यांना तीच शिवण हवी होती, आणि शेवटच्या पानावर छापायचं होतं: शिवण – डिम्पना टॅलन. ती नाचायचीच राहिली होती. मी दोनदा कारखान्यात गेले. दोन्ही वेळा म्हटलं, एकदा डोळे दाखव.

"पदकवाल्या बाईला उपदेश?" ती म्हणाली. "चल, वाट सोड. उजेड अडवतेस."

संबंध हिवाळा ती शिवत होती. खिडकीतला उजेड चारलाच जाई, मग दिव्याखाली. चौकटीला नाक लावून बसते असं बाकीच्याजणी सांगत, आणि मला ऐकवत नसे.

पुढच्या वर्षी मार्चपासून प्रती परत यायला लागल्या. कुठल्याशा राजदूतानं जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडलं तर पानं सूपच्या वाडग्यात पडली. आधी पाच आल्या, मग वीस, मग साठावर. पुढचं मला मोनिका गीगननं सांगितलं, तिची चौकट डिम्पनाच्या शेजारी होती. ह्यूसननी त्या सगळ्या प्रती डिम्पनापुढं रचल्या, एक उघडून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "शेवटच्या पानावर कुणाचं नाव आहे ते वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा." तिनं नाव वाचलं. पाठच होतं ते. पण पुस्तक तिनं उलटं धरलं होतं. मोनिका म्हणाली, मग ह्यूसननीच तिचा कोट आणून दिला.

हॉस्पिटलात मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, "गेल्या वर्षी आला असतात तर होती तेवढी नजर राखता आली असती. गेलेली परत आणता येत नाही." डिम्पनानं त्यांचे आभार मानले. बाहेर आल्यावर म्हणाली, "या वेळी घड्या यंत्रावर घातल्या होत्या, म्हणून झालं ते. हातानं घातलेली घडी असती तर मला बोटानं कळलं असतं." मी हो म्हटलं.

बहीण वारल्यावर ती ननांच्या आश्रमात राहायला गेली. मी दर रविवारी जाई, लोणी लावलेला ब्रेड आणि हॅम घेऊन. ती जाड झाली होती, केस कुणीतरी आखूड कापले होते, पण जीभ तीच. पदक गळ्यातल्या क्रुसाशेजारी अडकवलेलं असे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते चाचपायला लावी.

शहात्तरच्या उन्हाळ्यात एक नवी नन चहा घेऊन आली आणि पदक कशाचं म्हणून विचारलं.

"शिवणकामाचं. साऱ्या आयर्लंडात पहिलं," डिम्पना म्हणाली. "ही परीक्षक होती, विचारा हिला. मैत्रीण म्हणून दिलं असं वाटेल तुम्हाला, पण ही फार खडूस. एक टाका चुकला असता तर हिनं मला सोडलं नसतं."

नन कौतुकानं माझ्याकडं बघून गेली. मी हातातला कप खाली ठेवला. मग मी सांगितलं. नववा फर्मा, होड्यांचं चित्र, पातेलं, इस्त्री, सगळं. समारंभात तिनं विचारलं तेव्हा मला माहीत होतं, हेही.

बाहेर बागेत कुणीतरी गवत कापत होतं.

"एकच होता?"

"एकच."

"आणि मी पत्र जाळलं म्हटलं, तेव्हा तू माझ्यासमोर उभी होतीस."

"हो."

"तू तेव्हा म्हणाली असतीस ना, डिम्पना, शिवण चुकली आहे, तर मी तुला सगळ्यांदेखत शिव्या घातल्या असत्या. आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते." ती थांबली. "आठवडाभर, कॉन्सी. मग आले असते चहाला."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला. रागानं नाही, तापलेल्या भांड्यावरून काढावा तसा.

पुढच्या रविवारी दारातच मोठ्या नन म्हणाल्या, मिस टॅलनना कुणाला भेटायचं नाही. मी आणलेलं त्यांच्या हाती दिलं आणि परत आले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. वर्षभर मी जात राहिले, मग नुसतं खाणं पाठवायला लागले. ननांनी सांगितलं, तिनं पदक काढून कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधी मागितलं नाही.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली.