धावायचं नाही, नेव्हिल!

नेव्हिल ऑर्मरॉडच्या पायाला जन्मापासूनच भिंगरी. ॲकर्ली टाउन या फुटबॉल संघाच्या मधल्या फळीत तो अकरा वर्षं खेळला. गोल फारसे केले नाहीत, पण धावला दोघांच्या वाटचं. आता फुटबॉल सोडून जमाना झाला, गुडघाही नवा बसवला, पण सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ.

दर गुरुवारी सकाळी तो म्हाताऱ्यांचा चालता फुटबॉल खेळायचा. या खेळात एकच पाप, धावणं. नेव्हिलनं ते इतक्या वेळा केलं होतं की लीगनं शेवटची ताकीद दिली होती: आज धावलात, तर वर्षभर घरी बसा. वर्षभर घरी!

"आज पळालास ना, तर तंगडं मोडीन तुझं," कप्तान डग हॅलिवेल म्हणाला. हा डग सत्तरी उलटलेला माजी बस ड्रायव्हर.

"आधी स्वतःचे बूट तरी स्वतः बांध!"

डगचे बूट बांधत होती ती नेव्हिलची बायको, नोरीन. "गप्प बसा रे दोघंही," ती म्हणाली. "आणि नेव्हिल, वर्षभर तुला घरात सांभाळायला मला जमणार नाही हं. आत्ताच सांगून ठेवते."

पंच होत्या जॉइसबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं लक्ष चेंडूपेक्षा नेव्हिलच्या पायांवरच जास्त. नेव्हिल चालला. बुटांच्या आत बोटं आवळून, ओठ चावत, चालत राहिला. आतून नुसती तडफड चालली होती.

सामना संपत आला, बरोबरी होती. समोरच्यांचा एक पास चुकला आणि चेंडू त्यांच्याच गोलसमोर मोकळ्या जागेत घरंगळत आला. त्यांचा गोलकीपर मघाशी बसला होता तो अजून उठतच होता. चार पावलं धावलं की गोल. नेव्हिलचा खांदा आपोआप पुढे झुकला. जॉइसबाईंनी शिट्टी ओठांना लावली.

"चाल, लेका, चाल!" डग ओरडला.

नेव्हिल चालला. चेंडू त्याच्या बुटाच्या वीतभर पुढून आरामात रेषेबाहेर गेला.

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! समोरच्यांनीसुद्धा. डगनं तर मिठीच मारली. "शाब्बास! शिकलास बाबा एकदाचा!"

नेव्हिल हसला. सामना संपल्यावर तो बाकावर बसला. पूर्वी त्याच्या निवृत्तीची बातमी पेपरात छापून आली होती तेव्हा त्यानं ती हसण्यावारी नेली होती. आज मात्र ती खरी वाटली, आणि फार वाईट वाटलं.

नोरीननं चहा दिला. तो प्यायला, कप खाली ठेवला आणि तसाच बसून राहिला. बाकीचे एकेक करून निघून गेले.

नोरीननं त्याचा हात धरून ओढला.

"नेव्हिल, असा बसू नकोस रे. ऊठ ना. धाव हवं तर!"