पिंजरा चोरीला गेला नाही

जैतुनबीचा राघू सापडला. हे वाक्य आपण कोणी वाचलेलंच नाही असं धरून चालू. चौकीतही तसंच धरून चालले आहेत.

तर सन चौतीसच्या उन्हाळ्यात, मालेगावच्या वाटेवरल्या आमच्या गावातून जैतुनबीचा राघू चोरीला गेला. चोर सभ्य होता. पिंजरा ठेवून गेला, वर पिंजऱ्याचं दारही लावून गेला.

राघू बोलत नसे, खोकत असे. जैतुनबीचा नवरा गफ्फार पिंजारी. कापूस पिंजता पिंजता तो जन्मभर खोकला आणि खोकतच गेला. राघूनं त्याच्यापासून तेवढंच उचललं. गफ्फार गेल्यावरही घरातून खोकला येई, आणि जैतुनबी पाण्याचा गडवा घेऊन उठे. राघू गेल्यापासून गडवा तसाच भरलेला राहतो. ती त्यातलं पाणी ओतून रोज ताजं भरते.

अर्ज लिहायला मी, कारण गावात अक्षर माझं बरं आणि रिकामपण त्याहून बरं.

आधी कोंडवाड्यात गेलो. हरवलेली जनावरं तिथंच आणून कोंडतात. मुन्शी रामकिसननं विचारलं, "पाय किती?"

"दोन," जैतुनबी म्हणाली.

"आपल्याकडं चारपासून सुरू होते, चाची."

मग चौकी. जमादार गोविंदसिंगनं शांतपणे ऐकून घेतलं. "पिंजरा गेला काय?"

"नाही."

"मंग चोरी कायची? राघू रानातला. पिंजऱ्यात हाये तवर तुहा, भायेर आला का रानाचा."

"पन तो नानाजीच्या ओसरीत खोकून राह्यला."

नानाजी म्हणजे गावातली अर्धी जमीन. जमादाराचा रोजचा चहा त्याच ओसरीत होतो.

"मीबी आयकला," जमादार म्हणाला. "पन तिथं तो पिंजऱ्यात हाये. ज्याचा पिंजरा, त्याचा राघू."

"माह्या घरवाल्याचा खोकला हाये तो, साहेब."

"खोकल्यावर कोनाचं नाव नसते, जैतुनबी."

परतताना नानाजीच्या ओसरीवरूनच वाट होती. राघू खोकला. जैतुनबी भर रस्त्यात थांबली, आणि हात गडव्यासाठी पुढे गेला. गडवा घरी होता.

नानाजी आतून म्हणाले, "लय बेजार हाये पाखरू. मी अडुळशाचा काढा देऊन राह्यलो. आधीपेक्षा कमी झाला खोकला. मिरगापर्यंत बंदच होईन, तू फिकीर नोको करू."

घरी येऊन जैतुनबीनं पिंजरा पुसला आणि मला म्हणाली, "लिव्ह."

शब्द तिचे, वळण माझं:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी विनंती की, सदर राघू एक दिवसापुरता अर्जदार बाईच्या पिंजऱ्यात ठेवण्यात यावा, जेणेकरून तो कायद्यास मंजूर अशा रीतीने, पिंजऱ्यासकट, चोरीस जाऊ शकेल. तोपर्यंत काढा बंद ठेवण्याचा हुकूम व्हावा."