शेपूट नसलेली मत्स्यमाता

खरवईच्या मंगल कार्यालयात त्या मंगळवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर लाकडी चौरंग, त्यावर पितळी घंगाळ, घंगाळात तुळशीच्या ढिगाखाली एक चपटा मासा, म्हणजे ‘मत्स्यमाता’, आणि मागे भगव्या रेशमात विद्युतानंद महाराज. लोक त्यांना ‘करंटबाबा’ म्हणत. ओल्या गोणपाटावर अनवाणी उभे राहून भक्ताने पाण्यात हात घातला, की तो किंचाळत मागे कोसळे आणि जयघोषाने छत दणाणे.

“पाप असेल तर माता झटकणार! रोग असेल तर जाळणार!” बाबा ध्वनिक्षेपकात गरजत होते. “साइंटिस्ट लोक पण मानतात, माशात करंट असतो. गुगल करा भक्तहो, गुगल! फक्त शुक्रवारी माता मौन पाळते.”

उल्हासनगरच्या कॅम्प पाचहून आलेली एक सिंधी बाई हात चोळत खाली उतरली. “साईं, सच्ची करंट है! पूरा हाथ सुन्न हो गया.”

हे ऐकून माझ्या नातीने, चिमीने, माझा पदर मुठीत घट्ट धरला. सात वर्षांच्या त्या पोरीला फिट येतात. डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे वर्षभर एकही आली नव्हती. मात्र बाबांची अट अशी, की मातेने स्वीकारले त्या दिवसापासून गोळी बंद. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी असलेल्या माझ्या मुलाने, देवदत्तने, ती मान्य केली होती. त्या सकाळची गोळी त्याने दिलीच नव्हती. हे मला तिथे पोहोचल्यावर कळले.

“देवदत्ता, पोरीला वर नेऊ नकोस.”

“आई, ही अंधश्रद्धा नाही. मी व्हिडिओ पाहिलाय. स्केट म्हणतात या माशाला. त्याच्या अंगात खरंच विजेचा अवयव असतो. प्युअर सायन्स आहे.”

“तुझी बायको कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला विचारलेस?”

“तिला काय विचारायचं? ती नाहीच म्हणणार.”

“नाहीच म्हणतेय,” मागून हिमानीचा आवाज आला. माझी सून धापा टाकत उभी होती. “चिमीची गोळी डबीत तशीच दिसली, देवदत्त. तशीच!”

इतक्यात चिमीचे नाव पुकारले गेले. हिमानी लेकीला मागे सारून स्वतःच व्यासपीठावर चढली आणि तिने घंगाळातली तुळस बाजूला केली.

“व्हिडिओ अर्धाच पाहिलास तू,” ती देवदत्तला म्हणाली, पण ऐकत सारेच होते. “स्केटचा विजेचा अवयव असतो शेपटीत. तिथल्या स्नायूंच्याच पेशी कोट्यवधी वर्षांत बदलत गेल्या. आकुंचन पावायचं त्यांनी सोडलं, नुसती वीज सोडायला लागल्या. तीही इतकी क्षीण की माणसाला कळतसुद्धा नाही. स्केट बहुधा एकमेकांना खुणा करायला ती वापरतात. माणसाला झटका देतो तो टॉर्पेडो, वेगळा मासा. त्याचे अवयव डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि ते वेगळ्याच वाटेनं घडले.”

“बेटी, देवीला पुस्तक लावू नकोस!”

“नाही लावत, महाराज. एवढंच सांगा, देवीची शेपूट कुठंय?”

बाबांनी खाली पाहिले. असल्या मासळीची काटेरी शेपूट बाजारात कोयत्याच्या पहिल्याच घावाला तोडून टाकतात. बाबांनी मासळी तशीच, शेपटीविना, विकत आणली होती. मासा केव्हाच मेलेला होता.

“माता समाधीत आहे!” बाबा ओरडले. “या उद्धट बाईला शिक्षा झाली पाहिजे. घाला तिचा हात पाण्यात!”

“घाला! घाला!” गर्दी उसळली. काल हळदीकुंकवाला भेटलेल्या बायकाही त्यात होत्या. दोघांनी हिमानीचे मनगट धरले. चिमी ‘आई, आई’ म्हणून आक्रोश करू लागली. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शुक्रवार तर देवीचा वार, मग त्याच दिवशी देवी मौन कशी, हा प्रश्न मघापासून डोक्यात घोळत होता. त्या धुमश्चक्रीत उत्तर सुचले. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते.

“सुदामराव,” कार्यालयाच्या व्यवस्थापकांना मी दरडावले, “मेन स्विच पाडा. आत्ता!”

“माता कोपेल!”

“कोपू दे. माता काही वीज मंडळाची ग्राहक नाही ना?”

खटका पडला. पंखे थांबले, ध्वनिक्षेपक मुका झाला. मी व्यासपीठावर चढले. हिमानीला धरणाऱ्यांना बाजूला सारले. चपला काढल्या, गोणपाटावर उभी राहिले आणि घंगाळात कोपरापर्यंत हात घातला.

गार पाणी. दुसरे काही नाही.

सुदामरावांनी चौरंग उलटवला. घंगाळाच्या बुडापासून पोकळ पायातून गेलेली वायर पडद्यामागच्या प्लगला जोडलेली होती. बाबांच्या आसनाखाली रबरी चटई आणि दारावरच्या घंटीसारखे बटण सापडले. घरातली वीज ते लोकांच्या अंगात सोडत होते. आजवर कोणी मेले नाही, हाच तिथला खरा चमत्कार. मागच्या दाराकडे निघालेल्या बाबांना त्यांच्याच भक्तांनी पोलीस येईपर्यंत धरून ठेवले. सिंधी बाई पुटपुटली, “हमको तो पहले ही डाउट था.”

देवदत्त खुर्चीत बसला होता. हिमानीने पर्समधून डबी काढली. त्याने ती तिच्या हातातून घेतली, पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडले आणि गोळी स्वतः चिमीच्या जिभेवर ठेवली.

वाचकहो, लेकराच्या आजाराने माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस कुठेही हात घालतो. म्हणून कळकळीने सांगते, उपचार थांबवायला सांगणाऱ्याच्या दारात क्षणभरही थांबू नका. आणि कोणी विज्ञानाचे नाव घेऊन चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तुळस बाजूला करून पाहा.