चार दिवसांची झोप

वैशालीच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवसाला निशा तिला घोडबंदर रोडवरच्या एका थाई स्पात घेऊन गेली. दोघी ठाण्याला कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगचं काम करायच्या. निशा पंचविशीतली, हट्टी. "ताई, तुम्ही फक्त पडून राहायचं. बाकी काही करायचं नाही," ती म्हणाली होती.

वैशाली पालथी पडली आणि पाठीवर पहिला हात पडल्यापडल्या झोपली. मालिश संपलं तेव्हा तिथल्या मुलीला तिला हलवून उठवावं लागलं. घरी असं कधी झालं नव्हतं. राजू गेल्यापासून ती रोज तीन-चार तास झोपायची, तेही तुकड्यातुकड्यानं. पण स्पातून बाहेर पडल्यावर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा सव्वा तास अडकली, आणि कल्याणला घरी पोचेपर्यंत मान पुन्हा आखडली.

"जिथे मालिश तिथेच झोपायची सोय हवी," दुसऱ्या दिवशी ती सहज म्हणाली.

"मग थायलंडलाच जा ना," निशा म्हणाली. "एकट्या. तिथं असे रिसॉर्ट असतात."

वैशाली हसली आणि कामाला लागली. पण ते डोक्यातून गेलं नाही.

राजू म्हणजे राजरत्न, तिचा सहा वर्षांनी लहान भाऊ. चार वर्षांपूर्वी वैशालीनं त्याला आपली एक किडनी दिली होती. ऑपरेशनआधी कमिटीसमोर तिला बसवलं होतं. कुणी दबाव आणला आहे का, असं विचारून तिच्या उत्तराचं व्हिडिओ शूटिंग केलं होतं. ती स्पष्ट 'नाही' म्हणाली होती, आणि ते खरं होतं. पुढे विहारात तिचा शाल देऊन सत्कार झाला. कोळसेवाडीतल्या त्यांच्या गल्लीत तेव्हापासून तिची ओळख एकच, भावाला किडनी देणारी. अडीच वर्षांनी ती किडनी निकामी झाली. पुन्हा डायलिसिस सुरू झालं, आणि अकरा महिन्यांपूर्वी राजू गेला. आता गल्लीत बायका तिच्याशी बोलताना नकळत तिच्या डाव्या कुशीकडे बघायच्या. एकीनं तर तिच्या तोंडावरच म्हटलं, "तुझी किडनी थोडी कमजोरच असेल गं."

वैशालीनं त्यावर उत्तर दिलं नव्हतं. उत्तर तिच्याकडे होतं. राजू गेल्यावर कपाट आवरताना स्वेटरांच्या मागे तिला गोळ्यांची पाकिटं सापडली होती, न फोडलेली. किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या त्या गोळ्या. तारखा बघितल्यावर कळलं की त्यानं जवळजवळ वर्षभर त्या धड घेतल्याच नव्हत्या. तिनं पाकिटं पिशवीत भरून ऑफिसला जाताना स्टेशनबाहेरच्या कचराकुंडीत टाकली. आईला सांगितलं नाही. आई एकाहत्तरची, तिला कशाला.

दुसऱ्या ट्रान्सप्लांटसाठी म्हणून बाजूला टाकलेले पैसे बँकेत तसेच होते. ती आधी डोंबिवलीच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे गेली. सलिल नावाचा तो माणूस गोड बोलणारा होता.

"एकट्या जाणार? कशाला? आमचा लेडीज ग्रुप आहे ना. सोळा जणी, आचारी बरोबर. सकाळी पोहे, दुपारी वरणभात. कंटाळा येणार नाही."

"मला कंटाळा आलेला चालेल," वैशाली म्हणाली. तो गोंधळला आणि त्यानं तिला माहितीपत्रक दिलं.

मग जेवणाच्या सुट्टीत ती आणि निशा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रिसॉर्ट शोधायला लागल्या. बरेचसे परवडण्यातले नव्हते. जे परवडत होते त्यांतले अर्धे पटायात, आणि त्यांचे फोटो बघून निशाच म्हणाली, "हे नको, ताई." एका ठिकाणचे दर फक्त जोडप्यासाठी होते. एक जण आला तरी दोघांचेच पैसे पडणार होते. कोह सामुईच्या एका रिसॉर्टमध्ये सात दिवस उपास घडवून शरीर आतून साफ करायचे.

"हे छान वाटतंय," निशा म्हणाली. "सगळं विष काढून टाकतात म्हणे."

"माझ्या शरीरातून आता काही काढायला नको," वैशाली म्हणाली. निशानं ते पान बंद केलं.

शेवटी हुआ हिन नावाच्या समुद्रकाठच्या गावात एक जुनं रिसॉर्ट सापडलं. बारा खोल्या, लहानसा पोहण्याचा तलाव, रोज एक मालिश दरात धरलेलं. पावसाळी हंगाम असल्यामुळे स्वस्त. आधी राहून गेलेल्या कुणीतरी चिडून लिहिलं होतं की समुद्र दहा मिनिटं चालत आहे, टीव्ही धड लागत नाही, इथे करण्यासारखं काहीच नाही. वैशालीनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हेच घेऊ."

बुकिंगआधी एक फॉर्म भरायचा होता. मागच्या पाच वर्षांत काही ऑपरेशन झालं आहे का, असा प्रश्न होता.

"नाही लिहा," निशा म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

वैशालीनं खरं ते लिहिलं. दोन दिवसांनी मालकीणबाईंचं उत्तर आलं. डॉक्टरांचं पत्र आणा, मग हलकं मालिश देऊ, वाफ मात्र देता येणार नाही.

पत्रासाठी ती ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं होतं तिथं गेली. काउंटरवरच्या मुलीनं नाव टाकून स्क्रीनकडे बघितलं.

"डोनर ना तुम्ही? मॅडम, दर वर्षी चेकअपला यायला सांगितलेलं. तुम्ही एकदाही नाही आलात."

"जमलं नाही," वैशाली म्हणाली. ती इथे आली नव्हती असं नव्हतं. आठवड्यातून दोनदा यायची, पण ती राजूला डायलिसिसला घेऊन, दुसऱ्या मजल्यावर.

"पेशंट कसे आहेत आता?"

"गेला. अकरा महिने झाले."

मुलीचा हात कीबोर्डवर थांबला. "सॉरी मॅडम. मग तुमची किडनी..."

"ती त्याच्या आधी गेली."

रक्त-लघवीचे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी पत्र दिलं. भरपूर पाणी प्या, दुखलं तरी मनानं पेनकिलर घेऊ नका, पुढच्या वर्षी परत या, असं सांगितलं. रिपोर्टची फाइल घेऊन ती हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसली. वर आपलं नाव असलेली तिची ही चार वर्षांतली पहिली फाइल होती.

आईला सांगायला तिनं रविवार निवडला. शांताबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, अजूनही ताठ बसणाऱ्या. लेक एकटी परदेशात जाते म्हटल्यावर त्या रागावतील असं वैशालीला वाटलं होतं. झालं उलटंच.

"थायलंड? म्हणजे बुद्धाचा देश," शांताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. "जा, जा. चांगलं केलंस."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. शेजारच्या नंदामावशी येऊन म्हणाल्या, "वैशू, नशीब काढलंस गं." आठवड्याभरात त्यांनी दादरहून एक पिवळं चीवर आणून शांताबाईंकडे दिलं. भिक्खूंना दान द्यायचं ते वस्त्र शांताबाईंनी पिशवीत घालून वैशालीच्या बॅगेवर ठेवलं.

"तिथल्या मोठ्या विहारात जायचं. राजूच्या नावानं चीवरदान करायचं. त्याचं वर्ष येतंय ना. त्याला पुण्य लागेल."

वैशालीनं पिशवी उचलून बाजूला ठेवली. "आई, मी नाही नेणार."

"का? वजन काय त्याचं?"

"वजनाचं नाही. मी आराम करायला चाललेय. मला विहारात नाही जायचं. राजूचं काही करायचं नाही मला तिथे."

"म्हणजे?"

"म्हणजे चार दिवस राजू नको."

शांताबाईंनी पिशवी पुन्हा बॅगेवर ठेवली. "सख्खा भाऊ होता तुझा. त्याला शरीराचा तुकडा दिलास आणि कपडा द्यायला जड जातंय?"

तेव्हा वैशालीच्या तोंडून निघून गेलं. तिनं ठरवलं नव्हतं. "त्यानं गोळ्या घेतल्या नाहीत, आई. मला सापडल्या कपाटात. वर्षभर घेतल्या नाहीत त्यानं. मी दिलेली किडनी त्यानं तशीच घालवली."

शांताबाईंनी पदर सारखा केला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

वैशालीला आधी कळलंच नाही. "काय माहीत होतं?"

"तोंड सुजायचं त्याचं त्या गोळ्यांनी. ऑफिसात हसतात म्हणायचा. मी ओरडायचे, मग तो जेवायचा नाही. पस्तीस वर्षांच्या पोराच्या मी किती मागं लागणार होते?"

"आणि मला नाही सांगितलंस."

"तू त्याला बोलली असतीस."

"बोललेच असते."

"म्हणून."

शांताबाई उठून मोरीकडे गेल्या. वैशाली पलंगावर बसून राहिली. किडनी निकामी झाल्यापासून गोळ्या सापडेपर्यंत तिनं किती वेळा स्वतःच्या शरीराला दोष दिला होता, ते तिला एकामागून एक आठवत गेलं. आपलीच किडनी कमजोर, असं तिला थोडंफार पटलंही होतं. आणि त्या वेळी आई शेजारीच बसलेली असायची.

निघेपर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. चीवर शांताबाईंनी कपाटात ठेवून दिलं. विमानतळावर निशा सोडायला आली होती. "फोटो टाका, ताई," ती म्हणाली. वैशालीनं मान हलवली.

बँकॉकहून बसनं चार तास. रिसॉर्ट फोटोपेक्षा जुनं होतं. भिंतींना पोपडे आलेले, तलावाच्या पाण्यावर पानं. पाऊस रोज दुपारी यायचा. खोलीत दोघांचा मोठा पलंग होता आणि त्यावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून ठेवले होते. वैशालीनं ते उलगडून घड्या घातल्या आणि आडवी झाली. पहिल्या दिवशी ती चौदा तास झोपली. उठली, भात खाल्ला, पुन्हा झोपली. दुसऱ्या दिवशी मालिश करणाऱ्या बाई तिला बोलवायला दारात आल्या, तेव्हा ती कुठे आहे हे तिला मिनिटभर कळेना.

त्या बाईंचं नाव नोई होतं. पन्नाशीच्या, जाड बोटांच्या. वैशालीच्या कुशीवरचा लांब व्रण दिसल्यावर त्यांनी फोनमध्ये काहीतरी बोलून तिच्यापुढे धरला. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, आजार होता का? वैशालीनं टाइप केलं, नाही, भावाला किडनी दिली. नोईंनी वाचलं, पुन्हा फोनमध्ये बोलल्या. भाऊ आता बरा आहे?

वैशालीनं फोन उशीजवळ पालथा ठेवला आणि डोळे मिटले. नोईंनी फोन उचलला नाही, पुन्हा विचारलं नाही. मालिश चालू असताना वैशाली रडायला लागली. पालथी असल्यामुळे पाणी सरळ खालच्या चादरीत जात होतं. नोईंचे हात एकदाही थांबले नाहीत. ती रडत होती राजूसाठी, की त्याच्यावरच्या रागानं, की आईवरच्या, हे तिला ठरवता आलं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी ती रडली नाही. नुसती झोपली. समुद्र बघायला एकदा गेली, तो राखाडी होता, आणि किनाऱ्यावर कुणी नव्हतं.

परत कल्याणला आली तेव्हा दारात नंदामावशी उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले.

"साधू, साधू. आईनं सांगितलं आम्हाला. मोठ्या विहारात जाऊन भावाच्या नावानं दान केलंस. कोण करतं एवढं आजकाल?"

वैशालीनं दाराकडे बघितलं. शांताबाई आत उभ्या होत्या. त्यांची नजर लेकीवर होती, आणि त्या नजरेत विनवणी होती. तशी विनवणी वैशालीनं आईच्या डोळ्यांत पूर्वी एकदाच बघितली होती, डॉक्टरांनी घरातलं कुणी डोनर आहे का असं विचारलं त्या दिवशी.

"नाही, मावशी," वैशाली म्हणाली. "मी विहारात गेलेच नाही. मी झोपले होते. चार दिवस."

प्रवासानं दमली असशील म्हणत नंदामावशी निघून गेल्या. वैशालीनं बॅग आत घेऊन दार लावलं.

"खोटं पाडलंस मला," शांताबाई म्हणाल्या.

"तू सांगायला नको होतंस."

"लोक विचारतात. त्यांना काय सांगायचं?"

"गोळ्यांचं सांग."

शांताबाईंनी भिंतीचा आधार घेतला आणि खाली बसल्या. त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. वैशालीला त्यांना उठवायला जावंसं वाटलं, पण ती गेली नाही. तिनं बॅगेतले कपडे बाहेर काढले, धुवायचे वेगळे केले, बादलीत भिजत घातले. सगळं होईपर्यंत आई तिथेच बसली होती.

"जेवणार आहेस का?" शांताबाईंनी विचारलं.

"हो."

मग शांताबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि त्यांनी आमटी गरम करायला ठेवली. दोघी जेवल्या. वैशालीनं हुआ हिनचं काही सांगितलं नाही आणि शांताबाईंनीही विचारलं नाही. रात्री वैशाली अंथरुणावर पडली आणि पंख्याकडे बघत जागीच राहिली. पलीकडे आईही जागी होती. सकाळी वैशालीला ऑफिसला जायचं होतं.