निर्मनुष्य वेळ

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी अभिलेख कक्षातला दिवा गेला. पाठोपाठ पंखा थांबला. बंदेनवाज यांनी कागदावरचे भिंग न हलवता डावा हात डोक्यावर धरून दोनदा हलवला. दिवा आला. त्या सकाळची ही अकरावी खेप.

"कुणाला टाटा करताय चाचा?" दारातून शिवयोगी शिपायाने विचारले. त्याच्या हातात पाकीट होते.

"तुझ्या मशिनीला. सांगतो तिला, मी जित्ता हाय म्हणून."

सोलापुरातल्या या सरकारी कार्यालयात फेब्रुवारीपासून ऊर्जा बचत चालू होती. साहेबांनी, म्हणजे ऋतुराज साहेबांनी, आदर्श ऊर्जा कार्यालयाच्या स्पर्धेत नाव दिले होते. चौदा खोल्यांत सेन्सर बसले. तीन मिनिटे कुणी हलले नाही की खोलीत कुणी नाही असे धरून ते यंत्र दिवा-पंखा बंद करते आणि तेवढी वेळ निर्मनुष्य म्हणून नोंदवते. माणूस ओळखायची ही कसोटी ज्याने ठरवली, त्याने आयुष्यात कुणाला वाचताना पाहिले नसावे.

आस्थापना शाखेतला दिवा कधीच जात नाही. तिथे टेबलाकडून खिडकीकडे, खिडकीकडून चहाकडे अखंड वर्दळ असते. शिवाय तिथल्या पिंकीचे लग्न ठरल्यापासून साड्यांचे फोटो बघायला इतर शाखाही येतात. त्या शाखेला सर्वाधिक सक्रिय कक्षाचे प्रमाणपत्र मिळाले. साहेबांच्या दालनात तर साहेब नसले तरी चालते. एसीच्या झोताने पडदा हलतो, आणि पडदा हलतो म्हणून एसी चालतो. साहेब तीन दिवस पुण्याला होते, ते तिन्ही दिवस यंत्राने त्यांना दालनात हजर धरले.

बंदेनवाज यांचे काम वेगळे. करमाळा तालुक्यातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी मोडीत आहेत आणि त्या वाचता येणारा कार्यालयात हा एकच माणूस उरला आहे. मोडीत शब्द एकमेकांना चिकटून येतात. नजर हलली की ओळ गेली. म्हणून ते एकतीस वर्षे दगडासारखे बसत आले. शुक्रवार पेठेतून चालत यायचे, पावणेदहाला कुलूप उघडायचे आणि बसायचे. या एकतीस वर्षांत त्यांच्या नावापुढे गैरहजेरीचा शेरा एकदाही पडला नव्हता.

पाकिटातल्या पत्रात लिहिले होते: 'अभिलेख कक्षाची दैनंदिन सरासरी निर्मनुष्य वेळ चार तास पन्नास मिनिटे आढळली. सदर कालावधी आपली गैरहजेरी का समजू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. वापर नसल्याने कक्ष एक मेपासून बंद करून दप्तर गोदामात हलविण्याचे प्रस्तावित आहे.'

गोदाम म्हणजे मागचे पत्र्याचे शेड. तिथे गेलेले कागद वाळवीशिवाय कुणी उघडलेले नाहीत.

बंदेनवाज पत्र घेऊन दालनात गेले. आत चांगलेच गार होते.

"काका, हे कुणा माणसानं लिहिलेलं नाहीये," साहेब म्हणाले. "माणसानं लिहिलं असतं तर म्हटलं असतं, खार खाऊन लिहिलं. मशिनचं तुमच्याशी काय वाकडं?"

"साहेब, मी हितंच असतो की."

"मग दिवे का जातात?"

"मी हलत नाही म्हणून."

"मग दिवसभर करता काय?"

"बसून असतो साहेब."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "हेच लेखी द्या."

बंदेनवाज यांनी तिथेच उभ्याने लिहून दिले: 'मी कार्यालयीन वेळेत पूर्ण वेळ जागेवर बसून होतो.' साहेबांनी 'बसून' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. परक्यांची अक्षरे भिंगाखाली धरणाऱ्या माणसाने स्वतःचे एक वाक्य दुसऱ्यांदा वाचले नव्हते.

बाहेर हे ऐकून आस्थापनेतल्या रेश्माने कपाळावर हात मारून घेतला. "अवो चाचा, बसून कशाला लिवलं? कार्यरत लिवायचं की!"

"पर मी बसूनच असतो."

"मग आमी काय करतो?"

"काय करता?"

"कार्यरत असतो," रेश्मा म्हणाली आणि पिंकीच्या टेबलाकडे गेली.

अभिलेख कक्षाच्या दाराशी सोजरबाई उकिडव्या बसल्या होत्या. वय सत्तरीचे, करमाळ्याहून तिसरी खेप. नातवाच्या दाखल्यासाठी त्यांना वडिलांची जन्मनोंद हवी होती आणि कागद द्यायची मुदत सोमवारी संपत होती.

"आज तरी गावंल का वो भाऊ?"

"बगू. आत या मावशी, बाहेर ऊन लई हाय."

त्यांनी एकोणीसशे एकवीसचे बाड उघडले, भिंग धरले. पाचव्या ओळीवर अंधार झाला.

"लाइट गेली व्हय?" सोजरबाई दचकल्या.

"लाइट हाय मावशी. मीच न्हाय."

त्यांना काही कळेना. बंदेनवाज यांनी हात हलवून दाखवला, दिवा आला. दाराच्या वरची पांढरी डबी दाखवली, आणि ती काय समजते तेही सांगितले. सोजरबाईंनी डबीकडे बराच वेळ पाहिले.

"आन् तुमच्या सायबाला डोळं न्हाईत व्हय?"

बंदेनवाज यांनी भिंग पुन्हा पाचव्या ओळीवर धरले.

"तुमी वाचा," त्या म्हणाल्या. त्यांनी स्टूल डबीसमोर ओढले, पदर खोचला आणि हात हलवायला सुरुवात केली. "जवारीवरची पाखरं राखली की मी जल्मभर. मला कुटं हात दुकत्यात?"

मग दुपार पुढे सरकली. एक हात थकला की दुसरा. मध्येच त्या "हुर्र" म्हणायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. शिवयोगी एकदा डोकावला, बघत राहिला आणि न सांगता पाण्याचा तांब्या ठेवून गेला. फेब्रुवारीपासून बंदेनवाज यांनी इतकी पाने सलग वाचली नव्हती.

चार वाजून वीस मिनिटांनी नोंद सापडली. त्यांनी ती शुद्ध अक्षरात उतरवली, सही केली, शिक्का मारला आणि वाचून दाखवली: "मौजे पोथरे. सखा वल्द येसू, यांस मुलगा झाला. नाव दगडू."

सोजरबाईंचा हात खाली आला. "दगडू," त्या म्हणाल्या. "आबा."

त्या कागदाकडे बघत तशाच बसून राहिल्या. बंदेनवाजही हलले नाहीत. दिवा गेला, पंखा थांबला. दोघांपैकी कुणीही हात वर केला नाही.

सोमवारी आलेल्या अहवालात शुक्रवार दुपारनंतर अभिलेख कक्षाची निर्मनुष्य वेळ सहा मिनिटे दाखवली आहे. समासात साहेबांचा शेरा आहे: 'खुलासा मागविताच सुधारणा. म्हणजे आधीही शक्य होते.'

बुधवारी सायंकाळपर्यंत खुलाशावर निर्णय झालेला नव्हता. गोदामाची किल्ली आस्थापना शाखेकडे आली आहे. अभिलेख कक्षातले स्टूल अजून डबीसमोरच आहे.