पाहुण्यांच्या आधीची खुरपणी

रविवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बनुबाईने गहिनीनाथच्या घरामागचं शेवटचं गवत मुळासकट उपटलं, मुळांची माती झटकली आणि कंबर सरळ केली. सोबतच्या तिघी तळ्याच्या कडेला पाय धूत होत्या. चौघींनी अडीच तासांत सहाशे चाळीस रोपं काढली होती. हा आकडा त्यांना माहीत नव्हता. गहिनीनाथच्या मुलाला, करणला, माहीत होता, कारण रोपं त्याने लावली होती. करण सातलाच मिरजगावला पेढे आणि पाण्याच्या बाटल्या आणायला आणि तिथून फाट्यावर पाहुण्यांना घ्यायला गेला होता.

गहिनीनाथने मागच्या दारात उभं राहून रान पाहिलं आणि त्याला फार बरं वाटलं. काळी माती, तिच्यावर तणाची एक काडी नाही. मधे तळं, तळ्यावर अर्ध्यापर्यंत आलेला फळ्यांचा ओटा आणि कडेला कांद्यासारख्या पातीची रोपं. ती बनुबाईने ठेवली होती. "कांद्यावानी दिसलं म्हनून हात न्हाई लावला," ती म्हणाली. त्या लिली होत्या.

"ब्येस केलंस," गहिनीनाथ म्हणाला. "पाव्हणे बागायतदार हायेत. दारात तन दिसलं की घर आळशाचं, हे त्यांना सांगावं लागत न्हाई."

करण एकतीस वर्षांचा होता. चार वर्षांत त्याची सात स्थळं मोडली होती. पाच मुलींना पुण्यात नोकरी असलेला मुलगा हवा होता. करणला ती नोकरी होती तेव्हा एका मुलीला शेती असलेला हवा होता. सातव्या स्थळाने कारण सांगितलं नाही, पण त्यांनी गाव ऐकूनच फोन ठेवला, असं मध्यस्थी करणाऱ्या अजिनाथने सांगितलं. मिरजगावच्या पुढचा जिराईत पट्टा म्हटल्यावर गोदावरीकाठच्या माणसांना आपल्या मुलीच्या डोक्यावर पाण्याचा हंडाच दिसतो, असं अजिनाथचं मत होतं.

करण पुण्यात सहा वर्षं बंगल्यांच्या बागा करणाऱ्या एका कंपनीत होता. गेल्या वर्षी तो परत आला आणि यंदा जूनमध्ये त्याने घरामागची जागा हातात घेतली. जिथे भांडी घासायची, सरपण रचायचं आणि कोंबड्या झाकायच्या, तिथे त्याने वीस बाय पंधराचं तळं खोदलं, त्यात शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरला आणि वर लाकडाचा डेक बांधला. भोवती रोपं लावली, एकेक नव्हे तर थव्याने. "आबा, एका जातीची शंभर-दोनशे एकत्र लावली की डोळा ठरतो," त्याने समजावलं होतं. गहिनीनाथने मान हलवली होती. बाजरीही तशीच लावतात.

ऑगस्टमध्ये त्या रोपांचं गवत झालं. कमरेएवढं, काळपट पातीचं, वर जांभळे तुरे. गहिनीनाथने चाळीस वर्षं गवत काढलं होतं, त्यामुळे गवत ओळखायला त्याला कुणाची गरज नव्हती. त्याला कळलं की पोराची रोपं मेली आणि त्यांच्या जागी कुसळी गवत माजलं. करण रोज संध्याकाळी त्या गवताला पाणी घालायचा, ते बघून बापाचा जीव तुटायचा. पण बोललं तर पोराला लागेल, म्हणून तीन महिने त्याने विषय काढला नाही. पाहुण्यांचा दिवस ठरला तेव्हा मात्र त्याने ठरवलं, की ही लाज आपण गुपचूप झाकायची. शनिवारी त्याने बनुबाईला निरोप धाडला.

एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. अजिनाथने राहात्याला, या पाहुण्यांकडे, पाठवलेल्या बायोडेटात करणचा फोटो एक होता आणि त्या गवताचे चार.

पाहुणे साडेबाराला यायचे होते, ते पावणेबारालाच फाट्यावर आले. तिथे त्यांना करण भेटला आणि मोटारसायकलवरून पुढे होऊन घेऊन आला. गाडीतून तिघं उतरले. मुलीचे वडील रंगनाथ, त्यांचा पेरूचा बाग आठ एकर. मामा सहादेव, ज्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात काही ठरत नव्हतं. आणि स्वतः मुलगी, मोनिका. मुलगी मुलाचं घर बघायला आली, ही गोष्ट गावात पहिल्यांदाच घडत होती, म्हणून समोरच्या तिन्ही ओसऱ्यांवर बायकांना अचानक निवडायला तांदूळ सापडले.

पाणी झालं, पेढे झाले. मोनिका म्हणाली, "बाबा, मागे जाऊया ना."

"मागं?" सहादेवमामांनी भुवया उचलल्या. "पाव्हण्याला मागच्या दारी कशाला?"

"तिकडंच तर बघायचंय सगळं," रंगनाथ म्हणाले आणि उठले.

गहिनीनाथ पुढे झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला घराची मागची बाजू दाखवताना मान ताठ ठेवता येत होती.

रंगनाथ दारातच थांबले. "वा," ते म्हणाले. "रान कसं ठेवलंय! आमच्याकडं बागेतसुद्धा एवढी खुरपणी होत न्हाई."

गहिनीनाथ लाजला. सहादेवमामा तळ्यात डोकावत होते.

"किती लिटरचं?"

"साठ हजार," करणने सांगितलं. पण तो मामांकडे बघत नव्हता.

"काय भिजतं यावर?"

"काही नाही. हे बघायला आहे."

"बघायला?"

"डेकवर बसून."

"पानी?" मामांनी रंगनाथांकडे वळून विचारलं. "ह्या दुष्काळी कर्जत तालुक्यात पानी बघाया ठिवत्यात?"

मोनिकाने हातातल्या मोबाईलवर फोटो उघडला होता. तिने एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा मातीकडे. ती बी.एस्सी. ॲग्री झालेली होती, त्यामुळे जागा चुकली असेल असं तिला वाटलं नाही.

"इथलं ते जांभळं गवत कुठंय?"

 गहिनीनाथने करणकडे पाहिलं. पोराचा चेहरा त्याने याआधी एकदाच असा पाहिला होता, बोअरला तीनशे फुटांवर पाण्याऐवजी धुरळा लागला तेव्हा. मग त्याने फोटोकडे पाहिलं. फोटोत करण गवतात उभा होता आणि हसत होता. मेलेल्या रोपांच्या जागी माजलेल्या तणात कुणी असं हसत नाही.

"त्ये..." गहिनीनाथ म्हणाला.

भांडी घासायला थांबलेल्या बनुबाईला वाटलं, आपल्या कामाची चौकशी चाललीय. ती नळावरून ओरडली, "मुळासकट काढलंय बाई! बारीक काडीबी ठिवली न्हाई. वरीसभर डोकं वर काढायचं न्हाई ते!"

सहादेवमामांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते डेकवरच्या खुर्चीत बसले आणि मोठ्याने हसले. "म्हंजे गवत इकत आनलं, लावलं, पानी घातलं, आन् पाव्हणे यायच्या दिशी बाया लावून उपटलं. रंगनाथ, ह्या घरात पोरगी दिली तर तिला काय म्हनून पोसतील अन् काय म्हनून उपटतील?"

करणची आई स्वयंपाकघराच्या दारात पोळी उलथायची विसरली.

आता काय बोलायचं, याचा गहिनीनाथने विचार केला. गुरं शिरली म्हणता आलं असतं. कीड पडली म्हणता आलं असतं. पण बनुबाई नळावर उभी होती.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "पोराला ठावंबी न्हाई. मला वाटलं त्याची रोपं मेली. इचारलं तर त्याला लागंल, म्हनून इचारलं न्हाई. तीन म्हैने इचारलं न्हाई."

रंगनाथ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. त्यांच्या घरातही तीन महिने न विचारलेल्या गोष्टी असाव्यात.

"टाकलंय कुठं?" मोनिकाने बनुबाईला विचारलं.

"बांधाला. सांजच्याला शेळ्यांना न्यायचं हुतं."

"मुळांना माती आहे का?"

"माती?" बनुबाई दुखावली. "झटकून काढलंय! माती ठिवून तन काढत्यात व्हय?"

मोनिका बांधाकडे निघाली. करण तिच्या मागे गेला. दोन ढीग होते. वरचा सुकला होता, खालचा अजून गार होता. तिने एक रोप उचललं, मूळ नखाने खरवडलं आणि म्हणाली, "पात अर्धी कापा. खाली ओलं आहे ते आधी लावू." ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. दोघांची गाठ घालून द्यायला अजिनाथने वेगळा अर्धा तास राखून ठेवला होता, तो या कामात गेला.

बनुबाईने तिघींना हाक मारली. मजुरी कुणी द्यायची हे न ठरताच त्या बसल्या. सकाळी उपटलं त्याच ओळींत दुपारी लावणी सुरू झाली. मोनिकाच्या मोतिया रंगाच्या ड्रेसचे गुडघे काळे झाले. पुरणपोळ्या दोनदा गरम झाल्या. सहादेवमामा तळ्यावर एकटेच बसले होते आणि बराच वेळ पाणी बघत होते.

"आबा," करण एकदाच म्हणाला, "तुम्ही विचारायचं होतं."

"तू सांगायचं हुतंस."

"सांगितलं होतं. थव्याने लावतात म्हणून."

"त्ये मला बाजरीचं वाटलं."

पाच वाजता पाहुणे निघाले. रंगनाथांनी गहिनीनाथचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कळवतो." मामा गाडीत बसताना डेकला लाकूड कोणतं वापरलं, हे विचारून गेले. मोनिकाने हात धुतले होते, पण नखांत माती तशीच होती.

बुधवारी गहिनीनाथने अजिनाथला गाठलं.

"नकार द्यायला मानसं दोन दिवस घेत्यात," अजिनाथ म्हणाला. "तीन दिवस झाले, म्हंजे चांगलं हाय."

पुढच्या सोमवारी तो परत गेला.

"आठ दिवस झाले की."

"आठ दिवसाचा मला अनुभव न्हाई," अजिनाथ म्हणाला.

करणकडून काही कळत नव्हतं. रोज संध्याकाळी त्याच्या मोबाईलवर मोनिकाचा एक निरोप येत होता. शेवटी गहिनीनाथने विचारलं. आता तो विचारायला लागला होता.

"काय म्हनत्या?"

"किती रोपं लागली, विचारते."

"आन्?"

"मी आकडा पाठवतो."

"आन् लग्नाचं?"

"त्याचं तिने विचारलं नाही. मीही नाही."

गहिनीनाथ तेव्हापासून सकाळी उठून स्वतःच मोजतो. मेलेलं कोणतं आणि झोपलेलं कोणतं, ते त्याला अजून नीट ओळखता येत नाही, म्हणून तो बनुबाईला सोबत घेतो. तिलाही येत नाही. मंगळवारी दोघांच्या मोजणीत नऊचा फरक पडला, तेव्हा करणने पुन्हा मोजलं.

या गुरुवारी सकाळी सात वाजेपर्यंत सहाशे चाळीसपैकी एकशे अठरा रोपांना हिरवी पात फुटली होती. राहात्याहून होकार आलेला नव्हता. नकारही आलेला नव्हता.